ज्वारी गवत ठरली त्याची हकीकत

श्रीगजवदनाचे मस्तकी जी दूर्वा चढते तिजला प्रथम नमन, आणि जी कोणी न वाहता बांधावर सुकते तिजलाही नमन. शके सोळाशे त्रेपन्न, विरोधकृत् नाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयी जे घडले ते लिहितो. लिहिता आमचे चित्त ठिकाणी राहात नाही, हात पुढे पळतो, तरी वाचणारांनी सांभाळोन घ्यावे.

ते साली एका राज्यावर गनीम चालोन आला आणि घाटाखाली तळ देऊन बैसला. मग महाराजांनी मनसुबा केला की कडाफोड नामे थोरली तोफ घाटमाथ्यावर न्यावी आणि वरोन मारा करावा, म्हणजे गनीम चढता चढता मोडेल. तोफेस ओढावयास खिल्लारी बैलांच्या जोड्या, आणि सर्वांपुढे हरण्या आणि कोशा ही जोडी, आणि ती जोडी तोफखान्याचे दारोगे गोंदजी नाईक यांनी वासरे असता बोटाने दूध चाटवोन वाढविली. गोंदजींस लेकरू नव्हते. ते बैलांस "बाबा" म्हणोन बोलत आणि लोक हसत, आणि गोंदजी त्याची पर्वा करीत नसत. मग तोफ निघाली आणि पावसाने दडी मारली. वैरण सरली, कुरणे जळाली, मारवेल नाही, पवना नाही, कुसळी तेवढी उरली तिची कुसळे रुतोन बैलांची तोंडे सुजली. गनिमाचे भयाने गावे ओस. रोज हुजुरून जासूद येई की तोफ कोठवर आली, आणि रोज तोफ आपली तेथेच. हरण्याच्या बरगड्या दिसो लागल्या आणि जू मानेवर येताच तो गुडघा टेकी. गोंदजींच्या जिवाची तगमग, न बैसवे, न निजवे, अन्न पुढे ठेविले तर उठोन बैलांकडे जावे, ऐसे चालले. आणि वाटेच्या दोही अंगांस ज्वारी उभी, पाण्यावाचोन गुडघाभर खुंटलेली परंतु हिरवीगार. परंतु राज्यात कायदा सक्त, की सरकारी जनावराने गवत खावे, पिकास तोंड लावू नये. लावील तर जनावर जप्त आणि दारोगा दूर.

मग गोंदजी वैजनाथशास्त्री यांजकडे धावले. शास्त्री मुहूर्त सांगावयास फौजेबरोबर होते, परंतु जन्मभर नाद झाडापाल्याचा. गोंदजी म्हणाले, "शास्त्रीबोवा, ज्वारीस गवत म्हणता येईल काय?" ऐसा प्रश्न शास्त्रीबोवांस आजवर कोणी केला नव्हता. त्यांस हर्ष जाहला आणि म्हणाले, "पाहिल्याशिवाय बोलणार नाही." मग उठोन आधी तरवड उपटिला आणि म्हणाले, "याच्या पानाच्या शिरा पाहा, जाळ्यासारख्या फाकल्या. मूळ एकच, सोटासारखे खाली गेले. बी फोडाल तर दोन डाळी निघतील. हे गवत नव्हे." गोंदजी म्हणाले, "ते आम्हांसही दिसते." मग शास्त्रीबोवांनी ओढ्याचे अंगी लव्हाळा उपटिला. "ही काडी बोटांत फिरवा. तीन धारा लागतात की नाही? पेरही नाही. हा गवताचा तोतया." गोंदजींचा धीर सुटत चालला आणि ते म्हणाले, "अहो, बैल उभे आहेत तिकडे!" मग ज्वारी उपटिली. "काडी गोल, पेरावर पेर. पानाचा खालचा भाग काडीस अंगरख्यासारखा लपेटला आहे, आणि पान जेथे काडी सोडते तेथे ही पातळ जिभली. शिरा उभ्या, एकीस एक मिळत नाहीत. मुळांचा झुबका. बीज एकदल. गोंदजी, ज्वारी गवतच. गहू गवत, भात गवत, ऊस गवत, वेळूदेखील गवत." गोंदजी म्हणाले, "वेळू राहू द्या. ज्वारीचे तेवढे लिहोन द्या."

तो निवाडा हुजूर गेला. फडणीस म्हणाले, ऐसे धरिले तर राज्यात पीक म्हणोन काही उरत नाही. महाराज सदरेवर येरझारा घालीत होते, ते म्हणाले, "गवत तर गवत. तोफ हलवा." मग गोंदजींनी बैल ज्वारीत सोडिले, आणि हरण्याची मान खाजवीत म्हणाले, "खा बाबा, पोटभर खा. कायद्याने खा." आणि बैलांनी खाल्ले, आणि मग हरण्याने मान वर केली, श्वास भात्यासारखा चालो लागला, तोंडास फेस आला, पाय थरथरले आणि तो कोसळला, आणि त्याचे अंगावर कोशा. कोवळी ज्वारी पाण्यावाचोन खुंटली की तीत विष भरते, त्यास त्या मुलुखी किराळ म्हणतात, आणि शेतकरी तीत गुरे शिरू देत नाही. परंतु शेतकरी पळालेले, आणि हे दोघे किल्ल्यावर वाढलेले, एकास पोथी ठाऊक आणि एकास वाळला कडबा.

गोंदजींनी हरण्याचे डोके मांडीवर घेतले आणि म्हणाले, "शास्त्रीबोवा, हे गवतच ना?" शास्त्रीबोवांनी खाली बैसोन पुन्हा जिभली पाहिली. म्हणाले, "गवतच आहे हो. काही चुकले नाही." गोंदजी म्हणाले, "मग?" शास्त्री म्हणाले, "तुम्ही गवत आहे काय इतकेच पुसलेत, आणि मी तितकेच पाहिले." आणि रडो लागले. आम्हांस या दोघांचा राग येतो आणि कीवही येते, आणि कोणते अधिक ते कळत नाही.

इतक्यात जासूद आला की गनीम तळ मोडोन परत गेला. काय म्हणोन? तर त्यांचे बैलही घाटाखाली ज्वारीत मरोन पडले. त्यांचेही राज्यात तोच कायदा, आणि त्यांजपाशीही एक शास्त्री, आणि त्यासही जिभली सापडली होती. मग नगारे वाजले, हत्तीवरोन साखर वाटिली, शास्त्रीबोवांस शाल दिधली. आणि महाराज गोंदजींस म्हणाले, "तुमचे बैलांमुळे फत्ते जाली. मागाल ते देऊ." गोंदजी म्हणाले, "खड्डा खणावयास चार माणसे द्यावी, स्वामी. जमीन फार कठीण आहे."

येणेप्रमाणे झाले. गनीम गेला, राज्य राहिले, आणि ज्वारी गवत आहे हेही खरे. हरण्या आणि कोशा यांस एकाच खड्ड्यात निजविले, जुवास जोडीत तसे, हरण्या डावीकडे.