पाचव्या मजल्याचा बटाटा

बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणे हे सामान्य माणसाचे काम. तिच्यावाचून जगण्याची युक्ती शोधणे हे प्रगत समाजाचे. ही पाच मजली इमारत प्रगत होती. तिची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा दारावर ‘तूर्त बंद’ अशी पुठ्ठ्याची पाटी लागली. पुठ्ठा फाटू लागताच समितीने तातडीची बैठक घेऊन पाटी पत्र्याची केली. (ती गंजू नये म्हणून तिला दोनदा रंगही दिला. समिती झोपलेली नाही.)

पाचव्या मजल्यावर निवृत्त ओव्हरसियर आणि त्यांची पत्नी राहत. काकूंचे गुडघे गेलेले, त्यामुळे लिफ्ट अडकल्यापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. त्यांची थोरली बहीण समोरच्याच गल्लीत राहायची. ताईंचेही गुडघे घराण्याला शोभतील असेच. रोज संध्याकाळी ताई फाटकापाशी येऊन मान वर करायच्या, काकू गॅलरीतून वाकायच्या, आणि हात हलवून भेट संपायची. ओरडून बोलावे तर सगळी इमारत ऐकणार, आणि बहिणींना बोलायचे असायचे ते नेमके इमारतीबद्दलच.

ओव्हरसियर लिफ्टची तक्रार घेऊन समितीच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष दातांचे डॉक्टर; घर आणि दवाखाना तळमजल्यावर.

“साहेब,” डॉक्टर म्हणाले, “तुमच्यासारखा तांत्रिक माणूस घरात असताना आपण लिफ्टवाल्यांच्या तोंडाकडे का बघायचं? सामान वर पोचवायची युक्ती तुम्हीच काढा की!”

निवृत्त माणसाला कोणी ‘तांत्रिक माणूस’ म्हटले की तो हरभऱ्याच्या झाडावर चढतो. त्या झाडाला लिफ्ट लागत नाही.

ओव्हरसियरांनी गोफण निवडली. (टोपलीला दोरी बांधून वर ओढावी, असे चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूने सुचवले होते. भाडेकरूंना मताचा अधिकार नसल्याने सूचना विचारात घेता आली नाही.) कपडे वाळत घालायच्या दोरीचे दोन तुकडे, मध्ये बटाटा मावेल एवढा चामड्याचा पट्टा, एका दोरीला बोट अडकवायचा फास, दुसरीचे टोक मुठीत. गरगर फिरवायचे आणि नेमक्या क्षणी मुठीतले टोक सोडायचे. चामडे काकूंच्या पर्समधून मिळाले.

“अहो, बाहेर जायची एवढी एकच चांगली पर्स होती माझी!”

“अगं, पण तू हल्ली जातेस कुठे बाहेर?” ओव्हरसियर म्हणाले. तर्कात खोट काढायला जागा नव्हती.

चाचण्या आवारात सुरू झाल्या. नेमका क्षण काही केल्या सापडेना. टोक लवकर सुटले की बटाटा भिंतीवर फुटे, उशिरा सुटले की डोक्यावरून मागे फाटकापलीकडे जाई. एक दवाखान्यात गेला. (खुर्चीतला पेशंट तेव्हा आ वासून होता, पण नेम तेवढाही अचूक नव्हता.) बाकीचे तिसऱ्या मजल्यावर पोचले. तिथल्या हिशेबनीस बाईंनी त्या काळात बटाटे विकत आणले नाहीत, आणि पुढच्या चाचण्या कांद्यांनी घ्याव्यात असे सुचवले. समितीने निकाल ‘अत्यंत उत्साहवर्धक’ ठरवला, कारण लिफ्ट तर तिसऱ्यापर्यंतही पोचली नव्हती.

सुरक्षेचा भाग म्हणून संध्याकाळी फाटकापाशी उभे राहायला बंदी झाली. त्यामुळे बहिणींचे हात हलवणेही थांबले. प्रगतीसाठी कोणाला तरी झळ सोसावीच लागते, आणि ती शक्यतो दुसऱ्याने सोसावी.

अखेर जाहीर प्रात्यक्षिक ठरले. आवारात खुर्च्या मांडल्या. पहिल्या रांगेत ताई बसल्या. वर काकू आणि शेजारीण गॅलरीबाहेर चादर ताणून उभ्या होत्या. ओव्हरसियरांनी गोफण फिरवली. आवार चिडीचूप. टोक सुटले. बटाटा पहिल्या मजल्यावरून गेला, दुसऱ्यावरून गेला, तिसऱ्यावर हिशेबनीस बाईंनी सवयीने हात पुढे केला तरी तो थांबला नाही. चौथा मजला. तिथे तो दमल्यासारखा वाटला. मग हळूच वर सरकला आणि चादरीत पडला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरांनी तिथल्या तिथे जाहीर केले, की लिफ्टचा प्रश्न कायमचा निकालात निघाला असून तिच्या जागेत आता खुर्च्या ठेवता येतील.

तेवढ्यात वरून आवाज आला.

“अहो, बटाटा पोचला! आता मला खाली आणा ना. ताई आलीये!”

सगळे आवार खो खो हसले. डॉक्टरांना तर ठसकाच लागला. ताई मात्र हसल्या नाहीत. त्या मान वर करून बघतच राहिल्या. आपण डॉक्टरांकडे मुळात कशासाठी गेलो होतो, ते ओव्हरसियरांना आठवले आणि मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनी बोलायला तोंड उघडले.

“साहेब,” डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला, “भोपळा जमेल का हो?”

ओव्हरसियरांनी गोफणीचा पट्टा बोटांनी मोजून पाहिला.

“पट्टा रुंद करावा लागेल,” ते म्हणाले.

वाचकहो, त्यांना नावे ठेवण्याआधी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगा. चौथ्या मजल्यावर बटाटा रेंगाळला, तेव्हा तुम्हीही श्वास रोखला होता की नाही? तो चादरीत पडल्यावर तुम्हालाही हायसे वाटले, आणि काकूंचे गुडघे त्या वेळी तुमच्या ध्यानीमनीही नव्हते. समितीला अशाच माणसांची गरज असते. अर्ज वगैरे करू नका. तुमची बिनविरोध निवड झालेली आहे.