आगळातलं मीठ

संचिताला रसायनशास्त्र आपणच शिकवायचं, असं गुरुप्रसादनं ठरवलं आणि घरावर संक्रांत आली. वास्तविक पोस्टात शिक्के मारणाऱ्या माणसानं द्रावणांच्या वाटेला जायचं काही कारण नव्हतं. पण मुलगी नववीत, धडा द्रावणांचा, आणि बायको सुगंधा शेजारी गेलेली. असा मोकळा वर्ग पुन्हा कुठला मिळायला?

"पुस्तकात काय आसा? विज्ञान रांदपाच्या खोलीत आसता!" म्हणत त्यानं कोपऱ्यातली आगळाची मोठी बरणी पुढे ओढली.

आगळ म्हणजे रातांब्यांचा, कोकमाच्या फळांचा, रस नि भरपूर मीठ. सुगंधाच्या आगळाची सोलकढी एकदा प्यायलेला माणूस दुसऱ्याच्या घरच्या कढीला नावं ठेवूनच पितो. ही बरणी तर तिच्या थोरल्या बहिणीच्या, मथुराताईच्या मुलीच्या लग्नासाठी राखलेली. अख्ख्या पंगतीची सोलकढी तीतूनच व्हायची होती.

बरणीच्या तळाशी मिठाचा थर दिसला आणि गुरुप्रसादमधला शास्त्रज्ञ खवळला.

"बघ! तुझ्या आवशीन नीट ढवळूक नाय. मीठ सगळां खाली बसलां."

"बाबा, तां तसांच आसता. आणखी मीठ इरघळणा नाय, म्हणजे द्रावण संपृक्त झालां. बाईंनी सांगितल्यानी..."

"बाईंनी पुस्तक वाचल्यानी. मी अनुभव सांगतंय."

अनुभव असा की त्यानं विहिरीचं पाणी ओतलं, ढवळलं, थर हटेना म्हणून आणखी ओतलं. (बरणी भरली म्हणून थांबला; नाहीतर विहीर आटली असती.) मीठ तर केव्हाच विरघळलं होतं. त्यानं झाकण गच्च आवळलं आणि बजावलं, "आईक सांगा नको. तिका चकित होऊंदे." संचिता कपाळाला हात लावून बसली होती. तो तिला विषय समजल्याचा पुरावा, असं त्याला वाटलं.

पुढच्या आठवड्यात मथुराताई शिरोड्याहून बरणी न्यायला आली. सुगंधानं कौतुकानं झाकण फिरवलं मात्र, फस्सकन लाल फेस उसळला आणि मथुराताईच्या नव्या साडीवरून ओघळला. आंबूस भपका घरभर पसरला.

"ह्यात पाणी कोणी घातल्यान?" सुगंधा ओरडली. "मिठान आगळ वर्षभर टिकता! पाणी घातल्यार आंबतलां नाय तर काय?"

संचितानं बाबांकडे बघितलं. बाबा मागच्या दारापर्यंत पोचले होते.

गडबड ऐकून शेजारचा रोझारियो आला. बोट बुडवून चाखलं, डोळे मिटले. "गुरू, आणखी थोडे दिस रव रे! फर्स्टक्लास वायन होतली!"

हा दिलासा ऐकून सुगंधाला रडूच कोसळलं. लग्न तोंडावर, रातांबे केव्हाच सरलेले. गुरुप्रसादला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी रोझारियोच्या बायकोनं, एस्पेरांसानं, आपल्या घरची वर्षाची बरणी काढून दिली. तिच्याही तळाशी मिठाचा जाड थर. गुरुप्रसाद ती उचलायला वाकला, तशा तिन्ही बायका एकदम किंचाळल्या, "हात लावू नकात!"

लग्नात सोलकढी झकास झाली. गुरुप्रसाद अपराधी चेहऱ्यानं मथुराताईकडे गेला. "ताई, माका पण काय तरी काम सांगा."

मथुराताईनं शांतपणे त्याच्या हातात जग दिला. "भावजी, तुमी पाणी वाढा. त्यात तुमचो हात बसलो आसा."

तो मान खाली घालून पंगतीत शिरला. पण बातमी त्याच्याआधी पोचली होती. तो जवळ आला की एकेक पाहुणा आधी सोलकढीच्या वाटीवर हात ठेवत होता.