एका मिनिटात पाच गोळ्या

मोघेकाकांना "जेवलात का?" असं विचारलं, तर ते "अंशतः" असं उत्तर देतात. म्हणजे आमटी-भात झालेला असतो आणि ताक राहिलेलं असतं. पस्तीस वर्षं हवामान खात्यात काढल्यावर माणसाची जीभ अशीच वळते, असं काकू म्हणतात. घरात मुंग्या झाल्या तर त्या "तुरळक ठिकाणी" होतात. काकूंच्या माहेरचे येणार असले तर "शक्यता नाकारता येत नाही." आडनाव मोघे, त्यामुळे खात्यातले लोक त्यांना पाठीमागे 'मोघम' म्हणत. हे तुम्हाला माहीत होतं का, असं मी एकदा विचारलं.

"कानावर आलं असावं," काका म्हणाले.

मी त्यांचा भाडेकरू. कोल्हापूरहून जयपूरला आलो तो गोपालपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवायला. आईला मोबाइलवरून मिस्ड कॉल द्यायचा आणि तिने लँडलाइनवरून उलटा फोन करायचा, ते दिवस. काका मूळचे वाईचे. खात्याने शेवटची बदली जयपूरला केली आणि निवृत्तीनंतर सामान पुन्हा बांधायचा कंटाळा आला, म्हणून ते तिथेच राहिले. हे कारण काकूंनी सांगितलेलं. काकांना विचारलं असतं तर आम्ही अजून जिन्यातच उभे असतो.

कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की काका वहीत तक्ता आखत. कुकर निवडायला त्यांना सात महिने लागले. तेवढे महिने काकूंनी पातेल्यात डाळ शिजवली. "घाई नको," काका म्हणायचे, "वस्तू आपणहून बोलते." कुकर शेवटी बोलला, तो काकूंनी परस्पर आणला तेव्हा.

अशा माणसाने पिस्तूल का धरावं? त्याला कारण झालं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पट्टी सुटल्यावर त्यांना समोरच्या हॉस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेल्या बनियनवरचं भोक दिसलं. इतकी चांगली नजर नुसती बनियनांवर वाया घालवायची, हे त्यांना पटेना. कानोत्याच्या वाटेवर एक नेमबाजी क्लब होता. तिथे ते दर रविवारी जाऊ लागले. क्लबचंच पिस्तूल, क्लबच्याच गोळ्या. कागदावर त्यांची छिद्रं तुरळक ठिकाणी पडत. तरी रविवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी तयार असत, आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून जात.

अडचण नेमाची नव्हती, भरण्याची होती. पिस्तुलाच्या मुठीत एक चपटी डबी सरकवतात, तिला मॅगझिन म्हणतात. तिच्यात पाच गोळ्या एकावर एक बसवायच्या. आत स्प्रिंग असते, आणि ती आपल्याला गोळी भरू द्यायची नाही अशाच इराद्याने बसवलेली असते. डबीच्या कडेला एक बारीकसं बटण असतं. एका हाताच्या अंगठ्याने ते खाली ओढून धरायचं आणि दुसऱ्या हाताने गोळी सोडायची. क्लबचा नियम असा की "लोड" असा हुकूम झाला की एका मिनिटात पाचही गोळ्या भरून व्हायला हव्यात. काका प्रत्येक गोळी आधी उजेडात फिरवून बघत. मिनिटात त्यांच्या तीन भरून होत. पाचांपैकी तीनच गोळ्या झाडणारे ते क्लबातले एकमेव सभासद होते.

हिवाळा सरता सरता एका सकाळी ते वही घेऊन वर माझ्या खोलीत आले. वहीवर लिहिलं होतं, 'मॅगझिन भरण्याचे साधन : तुलनात्मक अभ्यास'.

"सतीश, तुला थोडा वेळ असण्याची शक्यता आहे का?"

क्लबचे सेक्रेटरी माथुरसाहेब यांनी काकांना एक तडा गेलेलं रिकामं मॅगझिन घरी न्यायला दिलं होतं. गोळ्या घरी आणता येत नाहीत. मग भरायचं काय? काकांनी काकूंची विणायची जाड सुई बारीक करवतीने कापली आणि गोळीच्या मापाचे तुकडे केले. स्वेटरची एक बाही तेव्हा अर्धी झाली होती.

"अहो, आता मी एका सुईने काय विणू?" काकूंनी विचारलं.

"मफलर होण्याची शक्यता..." काका म्हणाले, आणि पुढचं वाक्य काकूंच्या नजरेने कोरडं पडलं.

पुढचे दोन महिने आमच्या घरात फक्त बटण ओढलं जात होतं. पहिल्यांदा चावीच्या रिंगेचा आकडा झाला. तो निसटून माझ्या नखाखाली गेला. मग चिमटा. मग पडद्याची कडी. मग माथुरसाहेबांनी परदेशातून आणवलेलं प्लास्टिकचं एक साधन आठवड्यापुरतं दिलं. ते डबीवर टोपीसारखं बसायचं. पंचवीस सेकंदांत पाच तुकडे आत. मी टाळी वाजवली. काकांनी वहीत लिहिलं, 'वेग समाधानकारक. अंशतः नापसंत.'

"काका, आणखी काय हवंय?"

"बघू. वारा कुठून वाहतो ते."

क्लासमध्ये खडू धरताना माझा अंगठा ठणकायचा. एका मुलाने मला विचारलं, "सर, आप सितार सीख रहे हैं क्या?"

मग काकांच्या मनात लाकूड आलं. लाकूड हाताला लागत नाही, म्हणाले. त्यासाठी आम्ही स्कूटरवरून बगरूला गेलो. तिथे कापड छापायचे लाकडी ठप्पे कोरणारे एक रामकिशनजी होते. उन्हात मांडी घालून बसलेले, मांडीवर लाकडाचा भुसा. काकांनी त्यांना चार कागदांवर काढलेलं चित्र दाखवलं. रामकिशनजींनी चारही कागद बाजूला ठेवले, मॅगझिन हातात घेतलं, बटण दोनदा खालीवर केलं आणि म्हणाले, "शनिवार को आना."

शनिवारी गेलो. शिसवीचा गुळगुळीत तुकडा, मधोमध खाच. खाच बटणावर बसवायची आणि अंगठ्याने तुकडा खाली दाबायचा. स्प्रिंग निमूट खाली गेली. फक्त अंगठा टेकायच्या जागी त्यांनी एक पाच पाकळ्यांची बुटी कोरली होती.

"ये फूल?" काकांनी विचारलं.

"खाली लकड़ी चोखी कोनी लागै, साब." म्हणजे, रिकामं लाकूड बरं दिसत नाही.

काकांच्या अंगठ्यावर लालसर फूल उमटलं होतं. त्यांनी तिथेच जमिनीवर बसून पाच तुकडे भरले. मी घड्याळ लावलं. वीस सेकंद. मी म्हटलं, संपलं एकदाचं. तेवढ्यात काका म्हणाले, "नाही चालणार."

पस्तीस वर्षं हवामान खात्यात काढलेला माणूस 'नाही' म्हणाला होता. मी दचकलो.

"का?"

"दोन हात लागतात."

मी हसलो. "काका, तुम्हाला दोन हात आहेत की."

"मला आहेत," ते म्हणाले. मग बराच वेळ मॅगझिन पुसत राहिले.

तिथे, भुशात बसून, त्यांनी मला शेखावतजींबद्दल सांगितलं. शेखावतजी म्हणजे क्लबात काकांच्या शेजारच्या जागेवरून झाडणारे निवृत्त सुभेदार. पांढऱ्या भरघोस मिशा, कमी बोलणं आणि दर वर्षी ज्येष्ठांच्या स्पर्धेत पहिला नंबर. मी त्यांना बघितलं होतं. अलीकडे ते दिसत नव्हते. "मन भर गया," असं ते माथुरसाहेबांना सांगून गेले होते.

"मन नाही भरलं," काका म्हणाले. "दिवाळीनंतर त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. डावी बोटं मिटत नाहीत. शेवटच्या रविवारी मॅगझिन भरताना त्यांच्या गोळ्या हातातून वाळूत पडत होत्या. तीनदा पडल्या. मी शेजारी होतो. मी बघितलं नाही असं दाखवलं. उजवा हात अजून दगडासारखा स्थिर आहे रे त्यांचा. पण दुसऱ्याने भरून दिलेलं ते घेणार नाहीत."

रामकिशनजींना मराठी येत नव्हती. त्यांनी काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हाथ की तकलीफ है किसी को?"

"एक हाथ," काका म्हणाले.

रामकिशनजींनी थोडा विचार केला आणि समोर शिलाई मशीनवर बसलेल्या आपल्या सुनेच्या पायांकडे बोट दाखवलं.

झालं ते असं. एक जाड ठोकळा, टेबलाच्या कडेला शिकंज्याने घट्ट बसणारा. त्यात मॅगझिन उभं रोवायचं. बटणाला चामड्याची वादी अडकवायची. वादी ठोकळ्यातल्या भोकातून खाली, आणि तिच्या टोकाला पायाचा फास. पाय दाबला की स्प्रिंग खाली, उजवा हात गोळी सोडायला मोकळा. ठोकळ्याच्या चारही बाजूंना अर्थातच वेलबुट्टी. माथुरसाहेबांनी तो बघून विचारलं, "मोघेजी, यह शूटिंग है या सिलाई?" पण परवानगी दिली.

खरं अवघड काम पुढेच होतं. शेखावतजींच्या घरी काका चहा संपेपर्यंत हवेबद्दल बोलले. मग पिशवीतून ठोकळा काढून त्यांच्या जेवणाच्या टेबलाला बसवला आणि म्हणाले, "मैंने अपने लिए बनवाया है. आप परखकर बताइए."

शेखावतजी ठोकळ्याकडे बघत राहिले. मग वादीकडे. मग फासाकडे.

"मोघेजी, आपके तो दोनों हाथ सलामत हैं."

काकांचा चेहरा लाल झाला. "आंशिक रूप से," ते म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघू लागलो. शेखावतजींनी खुर्ची मागे सरकवली. आता हा माणूस उठून आत जाणार, असं मला वाटलं. मग त्यांनी चप्पल काढली आणि पाय फासात घातला. काकूंच्या सुईचे तुकडे एकामागून एक आत गेले. पाचवा थोडा अडला. त्यांनी पाय पुन्हा दाबला. तोही बसला. शेखावतजींनी मिशीवरून हात फिरवला आणि आत आवाज दिला, "अजी, चाय और लाओ!"

ज्येष्ठांच्या स्पर्धेच्या दिवशी मी मागच्या कठड्याशी उभा होतो. दहाजण रांगेत. शेखावतजींच्या टेबलाला वेलबुट्टीचा ठोकळा. लोक बघत होते, कोणी हसलंही. "लोड!" हुकूम झाला. शेखावतजींचा पाय खाली गेला. मिनिट संपायच्या आधीच त्यांचं मॅगझिन पिस्तुलात होतं. मग पाच गोळ्या, शांतपणे, एका लयीत. दुर्बिणीतून बघणाऱ्या माथुरसाहेबांच्या तोंडून "वाह" निघून गेलं.

शेजारच्या जागेवरून मात्र एकही आवाज आला नव्हता. काकांच्या पाचही गोळ्या टेबलावर तशाच होत्या. 'लोड'पासून ते हात बाजूला सोडून शेखावतजींच्या हाताकडेच बघत उभे राहिले होते. त्या फेरीत काकांच्या नावापुढे शून्य पडलं. शेखावतजी पहिले आले नाहीत, तिसरे आले. काका शेवटून पहिले.

परत येताना मी विचारलं, "काका, तुम्ही भरायलासुद्धा सुरुवात केली नाहीत?"

ते मागून माझ्या कानाशी वाकले. मग वाऱ्यात मोठ्याने बोलू लागले.

"पस्तीस वर्षांत नऊ गावं झाली रे. शेजारी सगळीकडे चांगले. पण ओळख मुरायच्या आत सामानाचा ट्रक दारात. इथे मागच्या वर्षी एका रविवारी मला ताप होता म्हणून गेलो नाही. सोमवारी हा माणूस दोन बस बदलून घर शोधत आला. दारात उभा राहिला आणि म्हणाला, 'कल आप आए नहीं.' एवढंच. पाणी प्यायला आणि गेला. मी आलो नाही, हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, सतीश. खात्याच्यासुद्धा."

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मी स्कूटर थांबवली. काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसल्या. दारात काकू अर्धा मफलर हातात घेऊन वाट बघत होत्या.

"चल आता," ते म्हणाले.