कॅल्शियमचं ऊन

"आई, येऊ का आता घरात?"

"हालू नको! अजून सात मिनटं बाकी हायेत."

अकोल्यातला एप्रिल. कुत्रीसुद्धा सावली धरून बसलेली, आणि इंदूबाईंची सून नीलम, सहावा महिना लागलेला, अंगणात खुर्ची टाकून उन्हात. इंदूबाई दारात मोबाइलचं घड्याळ बघत उभ्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की बाळाच्या हाडांसाठी कॅल्शियमची गोळी, दूध, तीळ हे सगळं घ्याच. पण ते अंगी लागायला सकाळी वीस मिनिटं ऊनही हवं. वीसची एकोणीस होऊ देतील त्या इंदूबाई कसल्या!

कुंपणापलीकडच्या जमुनाबाईंनी मात्र फक्त 'हालू नको' ऐकलं. त्यांची बहीण अकोटला, नीलमच्या माहेरच्या गल्लीत. फोन गेला. बातमी नीलमच्या वडिलांपर्यंत पोचली तेव्हा वीस मिनिटांचे दोन तास झाले होते आणि खुर्ची नाहीशी झाली होती.

दुपारी सहदेवरावांचा फोन आला. "इहीनबाई, उद्या सकायी पोरीले घ्याले येऊन राह्यलो. बस!"

इंदूबाईंनी कपाळाला हात लावला. "आता धाकट्याले कोन पोरगी देईन व माय? साऱ्या जिल्ह्यात नाव गेलं माह्यं!"

"मी सांगतो ना बाबाले," नीलम म्हणाली.

"सासूच्या धाकानं बोलते म्हनतीन!"

त्या काळजीनं सकाळी इंदूबाईंचे गुडघेच धरले. नीलम म्हणाली, "डॉक्टरनं तुमालेबी ऊन सांगतलं होतं. बसा खुर्चीवर. आज घड्याय माह्या हाती."

सहदेवरावांनी फाटक उघडलं, तर समोर विहीणबाई घाम पुसत उन्हात, आणि दारातून त्यांची लेक ओरडतेय, "उठता कायले? नऊ मिनटं राह्यली अजून!"

त्यांच्या हातातली पिशवीच गळाली. "नीले! सासूले उन्हात बसवतं? हे शिकवलं आमी तुले?"

"बाबा, आयका तं..."

"चूप!" त्यांनी इंदूबाईंपुढे हात जोडले. "माफ करा इहीनबाई. आमचीच पोरगी अशी असंन, वाटलं नोतं."

खरं काय ते सांगायला इंदूबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात कुंपणावरून जमुनाबाई हळहळल्या, "माय माय! किती सोसते बिचारी!"

इंदूबाईंनी तोंड मिटलं आणि पदर डोळ्याला लावला.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "लेकरू हाय."