चौकटीतला खिळा

मी कोणाला घाबरत नाही. घाबरवणं हेच माझं काम! प्लांटमध्ये ड्यूटी आणि घरी हडळी, असा माझा संसार आहे.

माझ्या कथेतली हडळ जुन्या लोककथांमधलीच, पण जरा जास्त काळी. ती दारात उभी राहून आईच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडलं की माणसाची सावली ओरबाडून नेते. तिला अडवतो फक्त चौकटीतला लोखंडी खिळा. इतकी वर्षं आमच्या मराठी मंडळाला तिच्यासाठी वेळ नव्हता. यंदा हरेलीच्या, म्हणजे इकडच्या आषाढ अमावस्येच्या सणाच्या, कार्यक्रमात मला वाचायला बोलावलं! आनंदानं मला जेवण जाईना.

हरेलीच्या सकाळी भैयालाल लोहार दारोदार जाऊन चौकटीत खिळा ठोकतो आणि सूपभर तांदूळ घेऊन जातो. पण मला दम कुठला! मीच हातोडा उचलला.

"अवो, भैयालाल येऊन राहिला नं! तुमी कायले ठोकता?" माझी बायको शेवंता म्हणाली.

"खिळ्यावर कथा म्या लिवली. मले नाही समजत का?"

दार हलत होतं म्हणून आतून लावून घेतलं आणि वीतभर खिळा असा तिरका हाणला, की त्याचं डोकंसुद्धा लाकडात बुडालं. मग झोकात कार्यक्रमाला निघालो. दार उघडेना! खिळा चौकटीतून थेट दाराच्या फळीत घुसला होता. आमचं घर पहिल्या मजल्यावर, दार एकच. पकडीनं ओढावा, तर धरायला काही उरलंच नव्हतं.

"हडळीले बाहेर ठेवा नं! आमाले कावून कोंडलं?" शेवंता कडाडली.

मी मटकन खाली बसलो. खरं सांगतो, रडू येत होतं. माझं तोंड बघून तिनंच मंडळाच्या दौलतरावांना फोन लावला.

"भाऊजी, हे घरातच अडकले. फोन माईकजवळ धरता का? लय मन लावून लिवलं जी त्यायनं."

दौलतरावांनी धरला! मी वाचू लागलो. पलीकडे हॉल चिडीचूप. माझा आवाज आणखी खोल गेला. "अन् मग, त्या काळोखात, तिनं दारावर थाप मारली..."

धाड! धाड! धाड!

आमच्याच दारावर! मी जी किंकाळी फोडली, ती फोनशिवायही हॉलपर्यंत गेली असती.

"मैं हरंव भैया, भैयालाल!" बाहेरून आवाज आला. "खीला ठोके बर आए हंव!"

आणि फोनमधून टाळ्यांचा कडकडाट! दौलतराव ओरडत होते, "वा, चंपतराव, वा! अंगावर काटा आला! पण शेवटी कोन्या बाईनं किंकाळी मारली जी?"

मी शेवंताकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे फोन हातात घेतला.

"मीच जी, भाऊजी."

अशी बायको मिळायला भाग्य लागतं! मंडळाचं पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणंही आलंय. तिला. सध्या घरी मी ओरडून दाखवतो आणि ती शिकते.