सात डिसेंबरपर्यंत जिवंत

फोन वाजला की डेल्बर्ट हॉस्टेटलर आधी खिडकीचा पडदा ओढून घेई, मग रिसीव्हर उचली. पंधरा ऑक्टोबर ते सात डिसेंबर एवढेच दिवस अमेरिकेत म्हाताऱ्यांना आरोग्य विमा बदलायची मुभा असते, आणि तेवढे दिवस विमा विकणारे त्यांना सुखाने जेवू देत नाहीत. दुधाने तोंड न पोळताही डेल्बर्ट ताक फुंकून पीत असे.

या वर्षी मात्र बदलणं भागच होतं. त्याच्या विम्याने नव्या वर्षापासून डॉक्टर प्रुइटना आपण खर्च देतो त्या डॉक्टरांच्या यादीतून काढलं होतं. बावीस वर्षं डेल्बर्टचं दुखरं हृदय त्यांनी सांभाळलं होतं. जगात त्याचा विश्वास त्या एका माणसावर. बायकोवरही होता, पण तिला तो गाडी चालवू देत नसे.

शेवटी बायकोने, मेव्हिसने, त्याला ओढत वाचनालयात नेलं. तिथे लॉरेटाबाई विमा निवडायला फुकट मदत करत.

"फुकट का?" डेल्बर्टने विचारलं.

"मला पेन्शन आहे. शाळेत शिकवत होते."

"कुठल्या शाळेत?"

"अरे, आपल्या पोराला चौथीत यांनीच शिकवलंय!" मेव्हिस म्हणाली.

"म्हणूनच विचारतोय. त्याला अजून भागाकार येत नाही."

लॉरेटाबाईंनी प्रुइट ज्यात आहेत असा विमा शोधला, अर्ज भरला आणि बजावलं, "खात्री करायला गुरुवारी कंपनीचा फोन येईल. नुसतं हो म्हणा."

गुरुवारी खरोखरच फोन आला. डेल्बर्टच्या मनात पाल चुकचुकली. बाईंना आधीच कसं कळलं? म्हणजे सगळे सामील!

"डेल्बर्ट हॉस्टेटलर आहेत का?"

"वारला बिचारा. मंगळवारी पुरला."

पलीकडची मुलगी मनापासून हळहळली, आणि तिने तशी नोंद केली.

सात तारखेला सकाळी मेव्हिसच्या नावाने सांत्वनाचं पत्र आलं. सोबत अर्ज रद्द झाल्याची चिठ्ठी.

"किती छान लिहिलंय," मेव्हिस म्हणाली. "जिवंतपणी तू मला असं एक पत्र लिहिलं नाहीस."

डेल्बर्ट धावतच वाचनालयात गेला. लॉरेटाबाईंनी कंपनीला फोन लावून त्याच्या हातात दिला.

"मी डेल्बर्ट बोलतोय. मी जिवंत आहे!"

"साहेब," पलीकडचा माणूस थंडपणे म्हणाला, "मेलेल्यांच्या नावावर फसवणारे हल्ली फार झालेत. डॉक्टरांचा दाखला आणा. मुदत आज रात्री बारापर्यंत."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी डेल्बर्टवर संशय घेतला होता. त्याला तो माणूस एकदम आवडला.

संध्याकाळी प्रुइटनी त्याची छाती तपासली, जिवंत असल्याचा दाखला लिहिला आणि सही करता करता विचारलं, "पण एवढी धडपड कशासाठी?"

"तुमच्यासाठी! जुना विमा तुम्हाला घेत नाही ना."

"घेईल कसा? एकतीसला मी निवृत्त होतोय. नव्या विम्याची यादी अजून जुनीच आहे. मासे धरणार. तुला पत्र पाठवलं होतं की."

त्या पत्रावर तिकिटाऐवजी जाहिरातीच्या पत्रांसारखा छापील शिक्का होता, म्हणून डेल्बर्टने ते न उघडताच जाळलं होतं.

"माझ्या जागी डॉक्टर ओकाफोर येतायत. हृदयाच्या बाबतीत माझ्यापेक्षा हुशार," प्रुइट म्हणाले. "पण त्या तुझा जुनाच विमा घेतात, नवा नाही. तेव्हा हा दाखला फाड, नवा अर्ज विसर, आणि घरी जाऊन स्वस्थ झोप. काहीच करू नकोस."

डेल्बर्टने दाखल्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग बावीस वर्षांत पहिल्यांदाच डोळे बारीक करून प्रुइटकडे पाहिलं.

"आणि यात तुम्हाला काय मिळणार?" त्याने विचारलं.