आवराआवर करणारं भूत

"पांढऱ्या चादरीचं भूत या वेळी नको," दिग्दर्शकाने रविवारी सकाळी जाहीर केलं. "मागच्या खेपेला लोकांना ते झाकून ठेवलेलं कपाट वाटलं होतं."

दिग्दर्शक म्हणजे आठवडाभर विमा कंपनीतला कारकून आणि रविवारपुरता दिग्दर्शक. भुताच्या त्याच्या तीन छोट्या फिल्म लघुपट महोत्सवाने साभार परत पाठवल्या होत्या. पहिलं भूत ज्या दोरीला टांगलं होतं, ती दिसत होती. दुसऱ्याच्या तोंडाला पीठ फासलं होतं, ते ऐन मोक्याला शिंकलं. तिसरं ते कपाट. चौथ्या फिल्मच्या वेळी बायकोने सरळ अट घातली. ही परत आली, तर कॅमेरा, स्टँड आणि दिवे कायमचे माळ्यावर. कॅमेऱ्यावर दिग्दर्शकाचा जीव होता, आणि त्या घरात माळ्यावर गेलेली वस्तू पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडल्याची नोंद नव्हती.

"काळजी नको. या वेळी आरपार दिसणारं भूत करतोय," तो म्हणाला. आत्मविश्वास तीनदा तोंडावर आपटूनही त्याला खरचटलेलं नव्हतं.

फिल्म संध्याकाळी सहापर्यंत पाठवायची होती. बैठकीच्या खोलीच्या खिडक्यांना काळी कापडं लावून भरदुपारी रात्र केली होती. लग्नांचं शूटिंग करणारा मेहुणा कॅमेऱ्यामागे तयार होता. इतक्यात भूत होणाऱ्या शेजाऱ्याचा फोन आला. त्याची कंबर धरली होती.

"मी करते की भूत," कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. सासूबाई इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, सडसडीत, ताठ, पांढऱ्याशुभ्र केसांच्या. "बत्तीस वर्षं वॉर्डातून फिरलेय, चपलेचा आवाज न करता. पेशंट मला घाबरायचे, डॉक्टरही घाबरायचे."

दिग्दर्शकाने त्यांना दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं आणि त्याच्या अंगावर खरोखर काटा आला.

युक्ती सोपी होती. कॅमेरा जागचा हलवायचा नाही. एकदा भूत चालताना शूट करायचं, एकदा नुसती रिकामी खोली, आणि मग दोन्ही चित्रं संगणकावर एकमेकांवर अर्धी अर्धी चढवायची. खोली दोन्हींत सारखी, म्हणून ती भरीव दिसते. भूत एकातच, म्हणून ते आरपार.

"फक्त एक नियम," दिग्दर्शकाने बजावलं. "दोन शॉटच्या मधे खोलीतली काडीही हलता कामा नये."

"मला काय सांगता, जावईबापू? शिस्तीत आयुष्य गेलंय."

पहिला शॉट झाला, दुसराही झाला. संगणकावर चित्रं एकमेकांवर चढवली. सासूबाई छान धूसर दिसत होत्या. पण त्यांच्यामागे खुर्चीही धूसर होती, उशा धूसर होत्या आणि टेबलाला आठ पाय होते.

"आई, खुर्ची कुणी हलवली?"

"मी. तिरकी होती."

"आणि टेबल?"

"ते भिंतीला समांतर नव्हतं. जाता जाता केलं. त्यात काय एवढं?"

दिग्दर्शक डगमगला नाही. त्याने क्रम उलटा केला. आता रिकामी खोली आधी शूट करायची, भूत नंतर. "आणि आई, त्याआधी तुमचं काय ते आवरून घ्या. मन भरेपर्यंत."

सासूबाईंचं मन भरायला सव्वा तास लागला. फिल्ममधलं वीस वर्षं बंद पडलेलं झपाटलेलं घर आता मंत्र्यांच्या भेटीसाठी सज्ज असल्यासारखं दिसायला लागलं. मेहुणा कपाळाला हात लावून म्हणाला, "दाजी, इथे भूत यायचं नाही. आलं तरी पाय पुसून येईल."

मग सासूबाई आत पावडर लावून घेत असताना दोघांनी घाईघाईने पुन्हा पसारा केला. पलंगावरची चादर चुरगाळली, टेबलावर कप आडवा पाडला, फोटो वाकडा केला. रिकामी खोली शूट झाली. साडेचार वाजले होते.

"आता कुणीही बोलायचं नाही. आई, या."

सासूबाई आल्या. पाऊल वाजलं नाही. नजर खिडकीवर, मान ताठ. दिग्दर्शकाने श्वास रोखून धरला. निवड पक्की, कॅमेरा वाचला. आणि टेबलापाशी भुताची नजर आडव्या कपावर पडली.

भूत थांबलं. भुताने कप उचलला, पदराने पुसला आणि कडेला सरळ ठेवला. मग फोटो सरळ केला. मग पलंगाकडे वळून चादर झटकली, चारही कोपरे इस्पितळाच्या पद्धतीने दुमडून गादीखाली खोचले, खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवून धूळ पाहिली, नाराजीने मान हलवली आणि निघून गेलं.

"कट," दिग्दर्शक कसंबसं म्हणाला. त्याच क्षणी खिडकीवरचं काळं कापड सुटून खाली आलं आणि खोलीत लख्ख ऊन पसरलं. ते पुन्हा लावून सगळं नव्याने करायला वेळ उरला नव्हता.

"भूत घर आवरतंय," तो मटकन बसत म्हणाला. "कोण घाबरणार? संपलं. माळा."

मेहुण्याने तरीही चित्रं एकमेकांवर चढवली. बायकोही येऊन उभी राहिली आणि तिघं संगणकाच्या पडद्याकडे पाहत राहिले. धूसर म्हातारी धूसर कप उचलत होती, पण आडवा कपही तिथेच होता, फिकट होऊन. जणू तिने कपातला जीव काढून घेतला होता. चुरगळलेल्या चादरीतून दुसरी, गुळगुळीत चादर उठत होती.

"पाठव," बायको हळूच म्हणाली. "मला भीती वाटली."

सहाला चार मिनिटं कमी असताना फिल्म गेली.

तीन आठवड्यांनी महोत्सवातून फोन आला. निवड तर झालीच होती, शिवाय परीक्षकांना विचारायचं होतं, वस्तूंचा जीव गोळा करणारं हे भूत सुचलं कसं?

"वर्षभर डोक्यात घोळत होतं," दिग्दर्शक खड्या आवाजात म्हणाला. "अभिनेत्रीकडून एकेक हालचाल बसवून घेतली. हो, तंत्राचं प्रात्यक्षिक दाखवायला येतो ना. कॅमेरा घेऊनच येतो."

फोन ठेवून तो तरंगतच कॅमेऱ्याच्या कोपऱ्याकडे गेला. कोपरा रिकामा होता. फरशी चकचकीत पुसलेली होती.

"अगं, कॅमेरा कुठाय? आपली अट होती. मी जिंकलोय."

"मी हातही लावलेला नाही," बायको म्हणाली आणि आईकडे पाहायला लागली.

सासूबाई शांतपणे उशीला अभ्रा घालत होत्या. "सकाळी मीच आवरलं. केवढा पसारा होता. सगळं नीट बांधून माळ्यावर, अगदी मागे ठेवलंय," त्या म्हणाल्या. "चादरीत गुंडाळलंय, जावईबापू. काढलंत तर कोपरे विस्कटू नका."